पेंटाहोमधून साठ्याचं टेबल अपडेट करताना सगळ्या बॅचना एकच एक्स्पायरी लागतेय, मदत हवी

वागळे_नाका (मंगळवार, रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये औषधांच्या एका होलसेलरकडे आहे. मूळची मी अकाउंट्सची, पण पेंटाहो (एकीकडचा डेटा उचलून दुसरीकडे भरणारं सॉफ्टवेअर) बघणारा मुलगा सहा महिन्यांपूर्वी सोडून गेला आणि ते काम माझ्याकडे आलं, वाचून वाचून शिकले आणि आजवर नीट चाललं होतं.

आमची दोन गोडाऊन, एक इथेच आणि एक तुर्भ्याला. रात्री साडेदहाला दोन्हीकडच्या बिलिंगमधून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाईल) पडते, अकराला पेंटाहोचा जॉब ती उचलतो आणि पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या साठ्याच्या टेबलात टाकतो. आधी टेबलात एका औषधाची एकच ओळ होती आणि फक्त वागळेचा साठा होता. गेल्या शुक्रवारी आम्ही ते बॅचवार केलं आणि तुर्भेही त्यातच आणलं, आता साधारण १ लाख ९० हजार ओळी आहेत. शनिवारपासून आकडे जुळेनात, मला वाटलं रिटर्नचा माल चढवायचा राहिला असेल.

आज दुपारी गोडाऊनमधले काका लहान मुलांच्या सिरपचं एक खोकं घेऊन वर आले आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. खोक्यावर छापलंय एक्स्पायरी ०८/२०२५ आणि माझ्या स्क्रीनवर त्याच बॅचला ०३/२०२७. मानपाड्याच्या एका केमिस्टच्या ऑर्डरसाठी ते काढलं होतं, काकांनी हातात घेऊन वाचलं म्हणून थांबलं. मग मी त्या सिरपच्या सगळ्या बॅच उघडून बघितल्या तर पाचही बॅचना ०३/२०२७, एमआरपी पण एकच आणि नग पण एकसारखेच, ११२.

जॉबला एकही एरर नाही, सगळं हिरवं. शिवाय शुक्रवारपर्यंत वीस मिनिटांत होणारा जॉब आता दोन तास घेतोय. ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे जॉबच्या आतली स्टेपची साखळी, साधं आहे, सीएसव्ही इनपुट, मग सिलेक्ट व्हॅल्यूज, मग इन्सर्ट/अपडेट. कुठे बघू? उद्या सकाळी साडेनऊला माल निघायला लागतो.

डोस_वेळेवर (बुधवार, रात्री १२:०८)

मी फार्मासिस्ट आहे, पेंटाहो वगैरे मला कळत नाही पण एक गोष्ट आधी करा ताई. सकाळी माल काढणाऱ्या सगळ्यांना सांगा की आज स्क्रीनवरची तारीख धरायची नाही, खोक्यावरची वाचूनच माल काढायचा, आणि शनिवारपासून जे गेलंय त्याची बिलं काढून खोक्यावरच्या बॅचशी ताडून बघा. एक्स्पायर झालेला माल विक्रीच्या मालात ठेवणंच नियमात बसत नाही, तो वेगळा काढून त्यावर विक्रीसाठी नाही असं लिहून ठेवावं लागतं. शेठना आत्ताच मेसेज टाका, सकाळची वाट बघू नका.

ऐरोली_लोकल (बुधवार, रात्री १२:२०)

वरच्या ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि आधी जॉबचं शेड्युल बंद करा म्हणजे उद्या रात्री परत तेच नको.

आता इन्सर्ट/अपडेट स्टेप उघडा. आत दोन तक्ते दिसतील. वरच्यात की, म्हणजे ओळ कशावरून ओळखायची ते, आणि खालच्यात कॉलमांची यादी, प्रत्येकासमोर अपडेटला वाय की एन. दोन्हीत काय भरलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. आणि टेबलाची प्रायमरी की, म्हणजे दोन ओळींत सारखी चालत नाही ती ओळख, काय आहे?

वागळे_नाका (बुधवार, रात्री १२:४१)

शेठना फोनच केला, ते स्वतः सकाळी आठला गोडाऊनला येतायत. जॉब बंद केलाय.

वरच्या तक्त्यात एकच ओळ आहे, औषध कोड = औषध कोड. खालच्यात औषध कोड एन, बॅच नंबर एन, गोडाऊन एन, आणि एक्स्पायरी, एमआरपी, नग, रॅक हे चारही वाय. प्रायमरी की आधी औषध कोडवर होती, पण बॅचवार भरताना डुप्लिकेट की म्हणून अडायला लागलं तेव्हा मी ती काढून टाकली. शुक्रवारी पहिल्यांदा सगळा साठा टेबल आउटपुटने (नुसत्या ओळी टाकणारी स्टेप) एकदम भरला होता आणि तेव्हा सगळं बरोबर होतं, हे मी तपासलं होतं. त्यानंतर आलेल्या नव्या बॅच टेबलात दिसतच नव्हत्या, त्या खरेदीवाला मुलगा हाताने टाकत होता, ते वेगळंच काहीतरी असेल असं मी धरून चालले होते.

ऐरोली_लोकल (बुधवार, रात्री १:१५)

वेगळं नाही, तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. नीट सांगतो.

ही स्टेप फाईलमधली प्रत्येक ओळ घेते आणि टेबलाला विचारते, या कीची ओळ तुझ्याकडे आहे का. नसेल तर इन्सर्ट. असेल तर वाय असलेले कॉलम ताडून बघते, काही फरक नसेल तर हात लावत नाही, फरक असेल तर अपडेट. पण तो अपडेट पण त्याच कीवर जातो. तुमची की फक्त औषध कोड, म्हणजे सिरपची पहिली बॅच आली की टेबलातल्या त्या कोडच्या पाचही ओळींवर पहिल्या बॅचची तारीख चढते, दुसरी आली की पाचहीवर दुसरीची, आणि फाईलमध्ये जी बॅच सगळ्यात शेवटी येते तिची तारीख आणि तिचे ११२ नग सगळ्यांना चिकटून राहतात. बॅच नंबरला एन होतं म्हणून तेवढे नंबर वाचले. नवी बॅच दिसत नव्हती कारण कोड सापडला की स्टेपच्या हिशेबी ओळ आहेच, मग इन्सर्टचा प्रश्न येतच नाही. आणि एरर येणार नाही, कारण डेटाबेसच्या दृष्टीने यात काहीच चुकलेलं नाही, सांगितलं तेच त्याने केलं.

दोन तास लागतात कारण प्रायमरी की काढलीत तेव्हा तिचा इंडेक्सही, म्हणजे ओळ पटकन शोधायची सूची, गेला. आता प्रत्येक ओळीसाठी अख्खं टेबल चाळलं जातंय, १ लाख ९० हजार वेळा.

तर उद्या साठा आधीच्या रात्रीच्या फाईलवरून पुन्हा भरा, मग वरच्या तक्त्यात तीन ओळी करा, औषध कोड, बॅच नंबर, गोडाऊन, आणि टेबलावर याच तीन कॉलमांवर युनिक कन्स्ट्रेंट, म्हणजे तिन्ही सारखे असलेली दुसरी ओळ येऊ न देणारा नियम, टाका. त्याने इंडेक्सही आपोआप बनेल. मागे एकदा कन्स्ट्रेंट अडवतं म्हणून काढलंत तसं परत करू नका, ते अडवतं तेव्हाच काहीतरी खरं सांगत असतं.

घणसोलीचा_भाऊ (बुधवार, सकाळी ८:५०)

वाचतोय. आमच्याकडे पण इन्सर्ट/अपडेटच आहे, की बघून येतो आज.

वागळे_नाका (बुधवार, रात्री ११:३८)

दिवसभर गोडाऊनलाच होते. शनिवारपासूनची बिलं ताडली, देवाच्या कृपेने एक्स्पायर माल बाहेर गेलेला नाही, पण जवळची एक्स्पायरी असलेले चार डबे गेले होते, ते फोन करून परत मागवले.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. टेबल रिकामं करून भरलं, तीन की, युनिक कन्स्ट्रेंट. जॉब सहा मिनिटांत झाला! तुर्भ्याचं सगळं चोख. पण वागळेच्या ओळी दुप्पट झाल्या. प्रत्येक बॅच दोनदा, एक सकाळी भरलेली आणि एक आत्ताची. युनिक कन्स्ट्रेंट असताना दोनदा कशी बसली? आणि रॅकचा कॉलम पूर्ण कोरा आहे, काकांनी शनिवारपासून हाताने भरलेले रॅक नंबर गेले, त्यांना काय सांगू मी आता.

खाडीपलीकडे (गुरुवार, सकाळी ७:२०)

वागळेच्या फाईलमध्ये गोडाऊन कोड कोरा येतो का? मुख्य ऑफिसचा कोड कोराच ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी असते.

असेल तर तो पेंटाहोत नल, म्हणजे माहितीच नाही असा, होतो, कारण कोरी स्ट्रिंग (मजकूर) आणि नल हे त्याला मुळात सारखेच. आणि एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या भाषेत, नल = नल कधीच खरं होत नाही. स्टेप विचारते गोडाऊन = नल अशी ओळ आहे का, उत्तर येतं नाही, मग ती इन्सर्ट करते, रोज रात्री. युनिक कन्स्ट्रेंट पण अडवत नाही कारण पोस्टग्रेस दोन नल वेगवेगळे धरतो. पोस्टग्रेस १५ पासून नल सारखे धरायची सोय आली आहे, तुमचं त्याआधीचं असेल तर तो मार्ग नाही.

की च्या तक्त्यात = च्या जागी = ~नल असा कंपॅरेटर निवडता येतो, तो नललाही जुळवतो. पण मी स्वतः तो की साठी वापरत नाही. त्याच्यामागे ऑर (किंवा) लावलेली एसक्यूएल तयार होते, तिला इंडेक्स नीट मिळेलच असं नाही, परत तुमचे दोन तास. त्यापेक्षा गोडाऊनला नॉट नल करा आणि पेंटाहोतच इफ फील्ड व्हॅल्यू इज नल स्टेप टाकून कोऱ्याच्या जागी वागळेचा कोड भरा. गोडाऊनला नाव नसणं हेच मुळात बरोबर नाही.

ऐरोली_लोकल (गुरुवार, सकाळी ९:०५)

हे मी आधी विचारायला हवं होतं, फाईल न बघता कन्स्ट्रेंट सांगितलं. खाडीपलीकडे यांनी सांगितलंय ते तंतोतंत करा.

रॅकबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. या स्टेपमध्ये गेट अपडेट फील्ड्स नावाचं बटण आहे, ते दाबलं की येणारे सगळे कॉलम वाय लावून यादीत येतात आणि आपण पुढे जातो. पण प्रत्येक कॉलमसमोर थांबून विचारायला हवं की या माहितीचा मालक कोण. एक्स्पायरी, एमआरपी, नग यांचं बिलिंग मालक, तिथून येईल ते खरं, म्हणून वाय. रॅक नंबर बिलिंगला माहीतच नाही, फाईलमध्ये तो कॉलम नुसता कोरा येतो, त्याचे मालक तुमचे काका. त्याला वाय लावणं म्हणजे रोज रात्री त्यांच्या वहीवर खोडरबर फिरवणं. एन लावलंत तर नवी बॅच येताना तो कॉलम भरला जाईल आणि नंतर कधी हात लागणार नाही. फाईलमधून जर तो कधीच भरून येणार नसेल तर यादीतूनच काढा.

मी पंधरा वर्षं हेच काम करतोय आणि डेटा बिघडलेला जितक्या वेळा बघितला त्यातल्या बहुतेक वेळी कोणीतरी हाताने नीट केलेली गोष्ट रात्रीच्या जॉबने पुसलेली होती. ज्याने ते केलेलं असतं तो माणूस दुसऱ्यांदा करत नाही, हे जास्त वाईट. काकांना जाऊन सरळ सांगा की चूक सेटिंगची होती, रॅक परत भरायला तुम्ही त्यांच्यासोबत बसा.

दुसरं, एवढ्या ओळींना मी इन्सर्ट/अपडेट ठेवणार नाही. फाईल एका कच्च्या टेबलात टेबल आउटपुटने टाका, ट्रंकेट लावून, म्हणजे दर वेळी ते आधी रिकामं करून, आणि मग एकाच एसक्यूएलने मुख्य टेबलात घ्या, इन्सर्ट आणि ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट, म्हणजे ओळ नसेल तर घाल, असेल तर बदल. पोस्टग्रेस ९.५ पासून आहे ते. शेवटी इज डिस्टिंक्ट फ्रॉमची अट लावा म्हणजे ज्या ओळी बदलल्याच नाहीत त्या उगाच लिहिल्या जाणार नाहीत. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे जुनी ओळ मेलेली म्हणून ठेवून नवी लिहिणं, रोज १ लाख ९० हजार मेलेल्या ओळी नकोत.

बेलापूर_किल्ला (गुरुवार, दुपारी १:३०)

ऐरोली दादा, इथे माझं मत वेगळं आहे. सहा मिनिटांत होतंय ना? मग ताईंना जे स्क्रीनवर दिसतं आणि वाचता येतं तेच राहू दे. एसक्यूएलमध्ये कॉलमांची यादी लपते, उद्या त्या सुट्टीवर असताना दुसऱ्या कोणाला कळणार नाही की रॅक का नाही घेतला. वाय आणि एन डोळ्यांना दिसतात.

ऐरोली_लोकल (गुरुवार, दुपारी २:१०)

मुद्दा पटतो, पण मी वेगासाठी म्हणत नाहीये. कच्चं टेबल असलं की मुख्य टेबलाला हात लावायच्या आधी फाईल तपासता येते. ओळ-ओळ करून जाणाऱ्या स्टेपमध्ये अर्धी फाईल खराब निघाली तर कमिट साइजप्रमाणे, म्हणजे ओळी गठ्ठ्यागठ्ठ्याने पक्क्या होत गेल्याने, अर्धं टेबल आधीच बदललेलं असतं. औषधांचा साठा आहे म्हणून मी आग्रह धरतोय.

वागळे_नाका (गुरुवार, रात्री ११:५५)

दोघांचंही ऐकलं, कच्चं टेबल केलं आणि एसक्यूएलच्या वर मराठीत लिहून ठेवलं की रॅक का घेतलेला नाही. त्याच ट्रान्सफॉर्मेशनमध्ये टेबल आउटपुटच्या पुढे एक्झिक्यूट एसक्यूएल स्क्रिप्ट स्टेप जोडली. जॉब चालला, हिरवा, पण मुख्य टेबलात कालचाच साठा. परत चालवला तर आला. असं का?

खाडीपलीकडे (शुक्रवार, सकाळी ६:५५)

ट्रान्सफॉर्मेशनमधल्या स्टेप एकामागून एक चालत नाहीत, सगळ्या एकदम सुरू होतात आणि ओळी पुढे ढकलत राहतात. त्यात एक्झिक्यूट एसक्यूएलची स्टेप, ओळीगणिक चालवायचं टिक केलेलं नसेल तर, सुरुवातीलाच आपलं काम उरकून मोकळी होते. तुमची फाईल कच्च्या टेबलात पोचायच्या आधीच तिने कच्च्या टेबलात तोवर जे होतं तेच मुख्य टेबलात घेतलं होतं. बाणाकडे बघून पहिल्यांदा सगळ्यांनाच वाटतं की हे आधी आणि ते नंतर.

क्रम पाहिजे तर तो जॉबमध्ये ठेवायचा. पहिली एंट्री ट्रान्सफॉर्मेशन, तिच्यापुढे हिरव्या हॉपने (आधीचं यशस्वी झालं तरच पुढे नेणारा बाण) जॉबमधली एसक्यूएल एंट्री. भरणं फसलं तर एसक्यूएल चालणारच नाही.

वागळे_नाका (शुक्रवार, रात्री ११:४४)

क्रम जमला. पण आता एसक्यूएलच थांबलं, म्हणे ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट एकाच ओळीला दुसऱ्यांदा हात लावू शकत नाही. मुख्य टेबल जसंच्या तसं राहिलं, त्यामुळे आज मी घाबरले नाही, कच्च्या टेबलात शोधत बसले. तुर्भ्याच्या फाईलमध्ये एकाच औषधाच्या दोन ओळी, दोन्हीत बॅच नंबर १.२०ई+०६.

ऐरोली_लोकल (शनिवार, रात्री १२:०२)

तुर्भ्याला कोणीतरी फाईल एक्सेलमध्ये उघडून सेव्ह केली. बॅच नंबर १२ई५ असेल तर एक्सेल त्याला बारा गुणिले दहाचा पाचवा घात समजतं, आणि १२०ई४ पण तोच आकडा होतो, म्हणून दोन वेगळ्या बॅच एक झाल्या. फाईल बिलिंगमधून परत काढायला सांगा, बघायची असेल तर नोटपॅडमध्ये.

आणि तुमच्याकडे पण बघा, सीएसव्ही इनपुटमध्ये गेट फील्ड्स दाबलं की तो वरच्या काही ओळी बघून प्रकार ठरवतो, कोड किंवा बॅच नंबर इंटीजर (पूर्णांक) धरला असेल तर ०४५७ चे ४५७ झाले असतील. कोड आणि बॅच दोन्ही स्ट्रिंग करा.

डोस_वेळेवर (शनिवार, सकाळी १०:१५)

एक शंका. खोक्यावर ०८/२०२५ असतं म्हणजे ऑगस्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. तुमचा कॉम्प्युटर ते कोणती तारीख धरतो?

खाडीपलीकडे (शनिवार, सकाळी ११:४०)

फार चांगला प्रश्न. पेंटाहोत नुसता महिना आणि वर्ष असा मास्क (तारखेचा नमुना) दिला की तारीख १ ऑगस्ट होते, म्हणजे चांगला माल महिनाभर आधीच बाद दिसणार. मध्ये त्या तारखेत एक महिना मिळवून एक दिवस वजा करा, म्हणजे महिन्याचा शेवटचा दिवस येईल.

अजून एक राहिलंय. संपलेली बॅच फाईलमध्ये येतच नाही, आणि इन्सर्ट/अपडेट काय किंवा ऑन कॉन्फ्लिक्ट काय, जे आलंच नाही त्याला हात लावत नाही. ती बॅच जुन्या नगांसह टेबलात बसून राहील. डिलीट करू नका, शेवटचं दिसलं असा तारखेचा कॉलम ठेवा, रोज आलेल्या सगळ्या ओळींवर, न बदललेल्यांवरही, आजची तारीख घाला (त्यासाठी इज डिस्टिंक्ट फ्रॉमची अट काढावी लागेल) आणि ज्यांची तारीख मागे राहिली त्यांचे नग शून्य करा. पण आधी त्या गोडाऊनच्या आजच्या ओळी मोजा. पावसात तुर्भ्याची लाईट गेली आणि अर्धीच फाईल आली तर अर्ध्या गोडाऊनचा माल शून्य दिसेल. कालच्यापेक्षा ओळी दहा टक्क्यांहून जास्त घटल्या असतील तर जॉब थांबवून तुम्हाला मेल येऊ दे.

वागळे_नाका (मंगळवार, रात्री ११:२०)

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारी आणि रविवारी काका आणि मी मिळून रॅक परत भरले, मी वाचायची आणि ते रॅकवर जाऊन हो म्हणायचे. महिन्याचा शेवटचा दिवस, शेवटचं दिसलं, ओळींची मोजणी, तिन्ही घातलं. तुर्भ्याला आता फाईल थेट फोल्डरमध्ये पडते, कोणाच्या हाताला लागत नाही. औषध कोड इंटीजर धरलेला होता, स्ट्रिंग केल्यावर ६१ ओळी ज्या कुठेच जुळत नव्हत्या त्या जुळल्या.

काल जॉब ५० सेकंदांत झाला. आज दुपारी शेठनी स्वतः वीस खोकी निघतील तशी काढली, बॅच, एक्स्पायरी, एमआरपी, नग, रॅक, सगळं स्क्रीनशी ताडलं. वीसच्या वीस जुळली. सिरपच्या पाच बॅचना आता पाच वेगळ्या तारखा आहेत आणि ०८/२०२५ वाली वेगळ्या रॅकवर, विक्रीसाठी नाही असं लिहून.

घणसोलीचा_भाऊ (बुधवार, सकाळी ८:३५)

आमची की बघितली. ग्राहक कोड एकटाच आहे आणि टेबलात एका ग्राहकाचे तीन तीन पत्ते. आज रात्रीचा जॉब बंद केलाय, संध्याकाळी नवीन धागा काढतो.